थंडीच्या पेटीत उबलेली सात अंडी

मित्रांनो, माझे दार उघडलेत तर तुमच्या तोंडावर गार हवा येणार नाही. ओलसर, कोमट वाफ येईल, नुकत्याच भात शिजलेल्या स्वयंपाकघरातली असावी तशी. मी एक जुना फ्रीज आहे खरा, पण गेल्या कित्येक वर्षांत मी काहीही थंड केलेले नाही. मी सापांची अंडी उबवतो.

दचकू नका. हे साप विषारी नाहीत. ते मूळचे आफ्रिकेतले आखूड, जाडसर अजगर आहेत. घाबरले की डोके पोटाशी घेऊन चेंडूसारखे गुंडाळून बसतात. चावण्यापेक्षा लपणे त्यांना अधिक आवडते. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात, आमच्या बेथल क्रीक गावात ते माझ्याकडे कसे आले आणि त्यांच्या सात अंड्यांसाठी तीन माणसांचा जीव कसा टांगणीला लागला, ते मी तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. पांढरा शुभ्र रंग, चकचकीत मूठ आणि वीतभर जाडीच्या भिंती. हल्लीचे फ्रीज माझ्यापुढे कागदाचे वाटतात. गावातल्या चर्चच्या तळघरात एक मोठे स्वयंपाकघर होते, तिथे माझी नेमणूक झाली. रविवारच्या प्रार्थनेनंतर सगळे तिथे जेवायला बसत. माझ्या पोटात बटाट्याच्या सॅलडच्या पराती, गोड चहाचे पिंप आणि पीचच्या गोड पदार्थाची भांडी दाटीवाटीने बसत. "या फ्रीजसारखा फ्रीज नाही," असे गावातल्या बायका म्हणत, आणि माझी छाती फुगे. मग एका उन्हाळ्यात माझा कॉम्प्रेसर जळला. त्याच आठवड्यात नवा फ्रीज आला आणि मला मागच्या पत्र्याखाली ढकलले गेले. तीन वर्षे मी तिथे उभा होतो. माझ्या पाठीत गांधीलमाश्यांनी घर केले. माझी आठवण कुणी काढली नाही.

हॉलिस ग्रीर नावाचा वेल्डर चर्चचे कठडे दुरुस्त करायला आला, तेव्हा त्याने माझे दार उघडून पाहिले. भिंतीवर बोटाने टकटक केले आणि तो हसला. संध्याकाळी त्याने मला आपल्या गाडीत घातले.

त्याची बायको मॅक्सीन दारातच उभी होती.

"आता हे काय आणलंस?"

"फ्रीज."

"चालू आहे?"

"नाही."

"मग?"

"त्याला गारठा आत धरता येतो, म्हणजे ऊबही धरता येईल," हॉलिस म्हणाला. "अंड्यांसाठी हवाय."

मॅक्सीनने कपाळाला हात लावला. लहानपणी तिला शेतात साप चावला होता. तेव्हापासून सापाचे चित्र दिसले तरी ती पान उलटत असे, आणि नेमका नवरा मिळाला तो साप पाळणारा. "माझ्या घराच्या उंबऱ्याच्या आत सापाचं अंडं येता कामा नये," एवढी एकच अट तिने घातली होती. म्हणून हॉलिसने मला त्याच्या कामाच्या खोपटात नेले. माझे जळलेले यंत्र काढले. पाठीमागे उष्णतेची पट्टी लावली, एक छोटा पंखा बसवला, दारात काचेची खिडकी कापली. पोरेबाळे आत अडकू नयेत म्हणून दाराची कडी उपटून टाकली. शेवटी आत एक काट्याचा तापमापक टांगला. काटा फॅरनहाइटच्या अठ्ठ्याऐंशी अंशांवर राहिला पाहिजे, त्याहून फार वर नको आणि फार खाली नको. पहिली अंडी उबेपर्यंत मी तो दोन महिने जागचा हलू दिला नाही. पुन्हा कुणाच्या तरी कामाला आलो, याचा मला फार आनंद झाला.

हॉलिसला नादच तसा होता. हे अजगर मुळात तपकिरी, काळ्या नक्षीचे. पण त्यांच्यात अधूनमधून वेगळ्या रंगाचा, वेगळ्या नक्षीचा एखादा निपजतो. अशांच्या जोड्या लावून नवेनवे रंग जमवणारी माणसे आमच्याकडे गावोगाव आहेत. काही सापांच्या अंगावर पांढऱ्या स्वच्छ पट्ट्यांचे तुकडे असतात, त्यांना हॉलिस 'कबरा' म्हणायचा. काहींचे अंग सोनेरी, पाठीवर एकच रुंद काळी रेघ आणि डोळ्याखाली अश्रूसारखा ठिपका. तो 'विदूषक'. हे दोन्ही गुण एकाच सापात उतरवायचे, हे हॉलिसचे स्वप्न होते.

पण त्यात एक मेख होती. हे गुण लाजाळू आहेत. आई आणि बाप दोघांकडून आले तरच ते पिलाच्या अंगावर उमटतात. एकाकडूनच आले, तर पिलू साधे तपकिरी दिसते आणि गुण त्याच्या पोटात लपून राहतो. वरून पाहून ते कुणालाच कळत नाही. गुण पोटात असलेल्या दोघांची जोडी लावली, तर सरासरी चार पिलांत एकावर तो उमटतो. ज्याने जोडी लावली त्याच्या शब्दावरच सगळा व्यवहार चालतो.

हॉलिसने एका कबऱ्या मादीला विदूषक नराशी जोडले. चार अंडी झाली. माझ्याच पोटात ती उबली आणि चार साधी तपकिरी पिले बाहेर आली. दोन नर, दोन माद्या.

"दोन्ही गुण आहेत यांच्या पोटात," हॉलिस शेजारच्या व्हर्नाला म्हणाला. "यांच्या पिलांत बघ काय गंमत होते ती."

व्हर्ना टॅकेट शाळेची बस चालवायची. एकदा कुणीतरी तिच्या बसमध्ये साप ठेवलेला डबा विसरून गेले. मालक सापडेना, म्हणून ती तो हॉलिसकडे घेऊन आली, आणि घरी परतायच्या वेळेपर्यंत तिलाही त्या मुक्या जनावराचा लळा लागला होता. मोठ्या आवाजाची, सरळ स्वभावाची बाई. एकदा शब्द दिला की दिला.

त्याच वर्षी पानगळीच्या दिवसांत हॉलिस वेल्डिंग करता करता खाली बसला आणि पुन्हा उठला नाही. दफनानंतर आठवड्याने मॅक्सीनने व्हर्नाला फोन केला. "सगळं घेऊन जा बाई. साप, डबे, तो फ्रीजसुद्धा. मला ते खोपट उघडवत नाही." अशा रीतीने मी पाव मैल लांब, व्हर्नाच्या घराच्या मागच्या खोलीत आलो.

चार पिलांपैकी एक जोडी व्हर्नाने ठेवली. दुसरी कॅन्ससमधल्या क्लिंट वायरिक नावाच्या गवंड्याला दिली. सोबत स्वतःच्या हाताने चिठ्ठी लिहिली, 'दोन्ही गुण पोटात आहेत. मी हमी देते.' मादी अंडी घालण्याजोगी व्हायला तीन वर्षे लागतात. क्लिंटने तीन वर्षे त्या जोडीला तळहाताच्या फोडासारखे जपले. मग दोन हंगामांत त्याला नऊ अंडी मिळाली. काही पिले साधी होती, काही कबरी होती. विदूषक मात्र एकही निघाला नाही.

टल्सा शहरात दर पानगळीत सापांचे प्रदर्शन भरते. मी तिथे नव्हतो, पण त्या दिवशी व्हर्ना घरी आली ती कोटसुद्धा न काढता माझ्यासमोर स्टुलावर बसली आणि मॅक्सीनला फोनवर सगळे सांगू लागली. क्लिंटने तिच्या टेबलापुढे उभे राहून, शंभर माणसांदेखत ती चिठ्ठी फडकवली होती.

"म्हणतो कसा, नऊ अंडी, बाई, नऊ! विदूषक कुठंय? तुमच्या त्या हॉलिसकडे एक साधा नरही होता. मादीशी कोण लागलं हे त्याला तरी माहीत होतं का? नाहीतर माहीत असून थाप मारली."

पलीकडून मॅक्सीनचा आवाज आला. "थाप? माझ्या हॉलिसनं?"

"मी म्हटलं त्याला, चारांत एक याचा अर्थ चौथं हमखास असा नसतो. नाणं सहा वेळा उडवून सहाही वेळा काटा पडू शकतो. पण ऐकतो कोण? माणसं माझ्या टेबलापासून बाजूला झाली, मॅक्सीन. ज्यांना मी वीस वर्षं ओळखते ती."

"तुझा विश्वास आहे ना हॉलिसवर?"

"आहे," व्हर्ना म्हणाली. पण फोन ठेवल्यावर ती माझ्या काचेकडे कितीतरी वेळ पाहत राहिली. तिच्या स्वतःच्या जोडीलाही आदल्या वर्षी चार अंडी झाली होती. एक कबरे, तीन साधी. तिथेही विदूषक नव्हता. तिने कुणाला सांगितले नाही, पण संशयाची पाल तिच्याही मनात चुकचुकली होती. हॉलिस खोटे बोलणार नाही, हे तिला ठाऊक होते. पण प्रामाणिक माणसाचीही चूक होऊ शकते, आणि मेलेल्या माणसाला जाऊन कोण विचारणार?

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात त्याच जोडीतली तिची मादी पेकन हिने सात अंडी घातली. अंडी कोंबडीच्या अंड्याहून लांबट, मऊ चामड्याच्या पिशव्यांसारखी, एकमेकांना चिकटलेली. व्हर्नाने तो घोस जसाच्या तसा उचलून ओलसर भुकटीच्या डब्यात ठेवला, कारण ही अंडी उलटली तर आतला जीव गुदमरतो. डबा माझ्या मधल्या फळीवर आला. मग तिने क्लिंटला फोन लावला.

"सात अंडी आहेत. मार्चच्या सुरुवातीला फुटतील. तू ये आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघ."

"येणारच," क्लिंट म्हणाला. "नाहीतर तुम्ही कुठून तरी विदूषक विकत आणून दाखवाल."

व्हर्नाचे कान लाल झाले. "ये, आणि खुर्ची तुझी तू आण," एवढेच ती म्हणाली.

त्यानंतर रोज सकाळी बस घेऊन निघण्यापूर्वी आणि परतल्यावर ती माझा काटा पाही. अठ्ठ्याऐंशी. मी मनापासून राबत होतो.

तिसाव्या दिवशी आभाळातून बर्फाळ पाऊस कोसळू लागला. पडेल तिथे काचेसारखा गोठत होता. झाडांच्या फांद्या बंदुकीचे बार निघावेत तशा मोडू लागल्या. सकाळी दहाच्या सुमारास रस्त्याच्या कडेची विजेची तार तुटली आणि माझा पंखा थांबला.

व्हर्नाच्या घरात सगळे विजेवर होते. शेगडी विजेची, हीटर विजेचा. तिने आधी मोठे साप उशांच्या अभ्र्यांत घालून, तोंडे बांधून, आपल्या पलंगावर गोधड्यांखाली ठेवले. मग घरातली उरलेली सगळी पांघरुणे माझ्याभोवती गुंडाळली, फक्त खिडकीपुरती जागा सोडली. माझ्या जाड भिंतींनी शिकस्त केली. पण आत आग नसेल तर भिंत किती तग धरणार? दुपारी बाराला काटा चौऱ्याऐंशीवर आला. दोनला ऐंशीवर.

टेलिफोनची तार अजून शाबूत होती. व्हर्नाने मॅक्सीनला फोन केला. तिच्याकडे गॅसची शेगडी होती.

"अंडी तुझ्याकडे आणू का गं? दोनच दिवस."

"सापाची अंडी? माझ्या घरात?"

"मॅक्सीन, इथं काटा पडतोय. ही अंडी गेली तर हॉलिसचं म्हणणं खरं होतं हे दाखवायला माझ्याकडे काहीच उरणार नाही."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. व्हर्ना रिसीव्हर हातात धरून तशीच उभी राहिली. तिला कुणी रडताना पाहिले नव्हते. त्या दिवशी मी पाहिले.

तासाभराने मागच्या दारावर धक्का बसला. दारात मॅक्सीन उभी होती. पाय घसरू नयेत म्हणून तिने बुटांवर हॉलिसचे लोकरी मोजे चढवले होते. मागे दोरीने ओढत आणलेला पत्र्याचा टब होता. त्यात गॅसचा सिलिंडर, हॉलिस मासे धरायला जाताना नेई ती छोटी शेगडी आणि काचेच्या मोठ्या बरण्या होत्या.

"अंडी माझ्या घरात येणार नाहीत म्हणजे नाहीत," ती धापा टाकत म्हणाली. "पण मी तुझ्या घरात येणार नाही असं कधी म्हटलं होतं का? सरक. पाणी कुठंय?"

"अगं पाव मैल या काचेवरून चालत आलीस! पडली असतीस तर?"

"दोनदा पडले. नको तिथं शेकून निघालंय, पण बरण्या फुटल्या नाहीत. आधी बसायला जागा दे."

"पलंगावर बस."

मॅक्सीनने गोधडी हलताना पाहिली आणि ती जागीच थिजली. "त्या पलंगावर? मी? जन्मात नाही!" आणि मग त्या दोघी, एवढ्या संकटात, पोट धरून हसल्या.

खिडकीची फट उघडी ठेवून त्यांनी शेगडी पेटवली. बरण्यांत गरम पाणी भरून, फडक्यात गुंडाळून व्हर्ना त्या माझ्या खालच्या फळीवर ठेवू लागली. पाणी निवले की बरणी बदलायची. काटा शहात्तरपर्यंत उतरला होता, तो हळूहळू पंच्याऐंशीवर चढला. तीन दिवस त्या दोघींनी पाळी लावून हे काम केले. बाहेर काळे कुत्रेही फिरत नव्हते. खायला डब्यातला घेवडा आणि खारी बिस्किटे.

दुसऱ्या दिवशी दुपारी व्हर्ना आणखी गॅस मिळतो का पाहायला शेजारच्या शेतावर गेली. मॅक्सीन एकटीच होती. जाताना व्हर्नाने बजावले होते, "बरणी खालच्या फळीवर. अंड्यांजवळ नको. थंडी ती सोसतील थोडी, पण जास्त उष्णतेनं मरतात." मॅक्सीनने मात्र काम लवकर उरकावे म्हणून, डोळे अर्धे मिटून, उकळत्या पाण्याची बरणी मधल्या फळीवर, डब्याच्या कडेने मागे ढकलून, अगदी त्याला टेकून ठेवली आणि दार लोटून दिले.

काटा चढू लागला. नव्वद. ब्याण्णव. मला बोलता येत नाही, मित्रांनो. कुणाला हाक मारता येत नाही. माझ्या पोटात ती सात अंडी भाजून निघणार होती आणि मी नुसता उभा होतो.

मॅक्सीनने सहज काचेतून पाहिले. काटा शहाण्णवच्या पलीकडे निघाला होता.

"व्हर्ना!" ती ओरडली. उत्तर द्यायला कुणी नव्हते.

तिने दार उघडले, पण हात पुढे जाईना. बरणी डब्याच्या पलीकडे होती, आणि तिथवर पोचायचे तर हात अंड्यांवरूनच न्यावा लागणार होता. ती एक पाऊल मागे गेली. मग एकदम मोठ्याने म्हणाली, "हॉलिस, तुला दुसरा काही नाद सापडला नाही का रे? टपाल तिकिटं का नाही जमवलीस!" आणि तिने हात आत घातला. तिचे मनगट एका अंड्याला घासले. बरणी बाहेर आली. पोळलेली बोटे तोंडात धरून ती दार उघडे ठेवून तिथेच उभी राहिली, काटा पुन्हा अठ्ठ्याऐंशीवर येईपर्यंत. त्यानंतर तिने जे केले, ते पाहून मी चकित झालो. तिने एक बोट पुढे केले आणि अंड्याला अगदी हलके लावले.

"मऊ आहे," ती स्वतःशीच म्हणाली. "पिकलेल्या पीचसारखं."

व्हर्ना परतल्यावर तिने काहीही न लपवता सगळे सांगितले. "माझ्यामुळं शिजली असतील गं सगळी."

व्हर्नाने तिच्या भाजलेल्या बोटांना लोणी लावले. "शिजली असतील किंवा नसतील. आता अंड्यांनाच विचारायला हवं," ती म्हणाली.

तिसऱ्या संध्याकाळी वीज आली. माझा पंखा फिरू लागला आणि दोघी लहान मुलींसारख्या टाळ्या वाजवू लागल्या. पण आत काय शिल्लक आहे ते कुणालाच ठाऊक नव्हते. आठवड्याभरात एक अंडे पिवळे पडून चेपले आणि त्यावर बुरशी आली. उरली सहा.

मार्च उजाडला. अठ्ठावन्नाव्या दिवशी क्लिंट वायरिक आला. उंच, रापलेला, चाळिशीचा माणूस. खरेच स्वतःची घडीची खुर्ची घेऊन आला होता. रात्री गावातल्या लॉजवर झोपायचा आणि सकाळी उजाडले की माझ्यासमोर हजर. मॅक्सीनही रोज येऊ लागली. तिने पहिल्याच दिवशी त्याच्यापुढे घेवड्याचे कालवण आणि मक्याचा पाव ठेवला.

"खा. माझ्या नवऱ्याला खोटारडा म्हणणाऱ्यालाही भूक लागतेच की."

क्लिंट खाली मान घालून जेवला. त्याला ही बाई कोण हे ठाऊक नव्हते. आता कळले.

एकोणसाठ, साठ, एकसष्ट. अंडी हलेनात. क्लिंटचा पाय सारखा हलत होता. "व्हर्नाबाई, कात्रीनं जरा चिरून बघू या. सगळेच तसं करतात."

"सगळे करू देत. मी करत नाही. त्यांना थंडी लागली होती, त्यांचे दिवस मागेपुढे होणारच."

"आणि आत काहीच नसलं तर?"

"तर तुला तुझी खुर्ची घडी करून परत न्यावी लागेल, आणि मला टल्सात तोंड दाखवायला जागा उरणार नाही. पण कात्री लागणार नाही."

हे म्हणताना तिचा आवाज मोठाच होता. पण क्लिंट गेल्यावर ती माझ्या काचेला कपाळ टेकवून उभी राहायची. तिचा श्वास काचेवर उमटायचा.

चौसष्टाव्या दिवशी सकाळी नऊ वाजता एका अंड्याच्या सालीवर बारीक चीर दिसली. चिरेतून वाटाण्याएवढे नाक बाहेर आले आणि त्याने पहिला श्वास घेतला.

"जिवंत आहे!" मॅक्सीन किंचाळली. "व्हर्ना, मी त्यांना मारलं नाही!"

पिलू तपकिरी होते, साधे. दुपारपर्यंत दुसरे डोकावले, मानेमागे पांढरा पट्टा. कबरे. मग तिसरे, साधे. मग चौथे, तेही साधेच. क्लिंटने काही टोमणा मारला नाही. तो नुसता खुर्चीत मागे टेकला आणि त्याने डोळे चोळले. मला वाटते, विदूषक निघावा असे आता त्यालाही वाटत होते. त्यानेही तीन वर्षे एका जोडीला वाढवले होते.

पाचव्या अंड्याला दुपारी तीन वाजता चीर पडली. नाक बाहेर आले आणि लगेच आत गेले. तिघेही माझ्या काचेपुढे गुडघ्यांवर बसले, खांद्याला खांदा लावून. व्हर्नाने दार हलकेच उघडले. चिकट सालीतून डोके पुन्हा वर आले, या वेळी डोळ्यांपर्यंत. सोनेरी डोके होते. आणि डोळ्याखाली, कुणी शाईच्या काडीने टेकवावा तसा, काळा अश्रूचा ठिपका.

"हाच ना?" मॅक्सीनने हळूच विचारले. "व्हर्ना, हाच ना गं तो?"

व्हर्नाने मान डोलावली.

क्लिंट वायरिकने डोक्यावरची टोपी काढली. तो आधी व्हर्नाकडे वळला नाही. तो मॅक्सीनकडे वळला.

"बाई, तुमचे यजमान खरं बोलले होते. मी शंभर माणसांसमोर त्यांना थापाड्या म्हटलं. आता शंभर माणसांसमोरच ते परत घेईन."

"घेशीलच," मॅक्सीन म्हणाली. "तुझ्या बोलण्यावरून नाही, तू जेवून ताट धुऊन ठेवतोस त्यावरून सांगते." मग ती थोडी थांबली. "चिडून ये वाटलं तर. पण उपाशी येऊ नको."

सहावे पिलू दुसऱ्या दिवशी निघाले. कबरे. कबरा आणि विदूषक एकाच अंगावर असलेले पिलू, ज्याचे स्वप्न हॉलिसने पाहिले होते, त्या सहांत नव्हते. पण त्याचे कुणाला वाईट वाटले नाही. ते पुढेमागे होईल किंवा होणार नाही. एका माणसाने दिलेला शब्द खरा होता, एवढे कळले आणि तेवढे पुरले. क्लिंटने पुढच्या पानगळीत टल्साला आपला शब्द पाळला. त्याच्या स्वतःच्या जोडीला तिसऱ्या हंगामात विदूषक झाला, त्याचा फोटो त्याने व्हर्नाच्या आधी मॅक्सीनला पाठवला.

मित्रांनो, मी आता खरेच जुना झालो आहे. माझ्या दाराचे रबर झिजले आहे, रंगाचे पोपडे निघाले आहेत. तरी मला एकच सांगावेसे वाटते. एखाद्या माणसाच्या, जनावराच्या किंवा वस्तूच्या पोटात काय दडले आहे, हे वरून पाहून ठरवू नका. घाई करून फाडूनही बघू नका. तिला ऊब द्या आणि तिचे दिवस भरू द्या. ज्याला स्वतःच्या बाजूने बोलता येत नाही, त्याला तर अधिकच जपा. आणि जुनी म्हणून एखादी गोष्ट उकिरड्यावर टाकण्याआधी, हॉलिसने माझ्या भिंतीवर मारली तशी एक टकटक मारून पाहा.

आणि त्या पाचव्या अंड्याच्या दुपारबद्दल एवढेच सांगायचे राहिले. व्हर्नाने माझे दार लावले, माझ्या कुशीला पाठ टेकून जमिनीवरच पाय पसरले, आणि "दोन मिनिटं बसते" म्हणता म्हणता तिचा डोळा लागला. कित्येक महिन्यांनी ती अशी गाढ झोपली होती. मॅक्सीनने ओठांवर बोट ठेवून क्लिंटला खुणेनेच बाहेर काढले. मग ती परत आली आणि काही क्षण माझ्यासमोर उभी राहिली. काचेआड ते सोनेरी डोके अंड्यातून बाहेर टक लावून पाहत होते. मॅक्सीनने या वेळी नजर वळवली नाही. ती हळूच व्हर्नाशेजारी जमिनीवर बसली, तिनेही माझ्या कुशीला पाठ टेकली, आणि थोड्या वेळाने तिच्याही घोरण्याचा आवाज येऊ लागला.